पाच भोपळे, पाच जोडे

पाच माणसं दर आठवड्याला एकाच नावेत बसायला लागली, की किस्से साचतातच. हसण्यासारखे असतात ते वर तरंगतात, कुणीही सांगतं. तळातले काढायला मात्र हात घालावा लागतो. आज घालतोच एकदाचा, कारण आमच्यातला सांगणारा आता मी एकटाच उरलोय.

निजामाचं राज्य होतं, कचेरीला सुटी शुक्रवारची. आम्ही पाच जण: माधवराव वकील, कचेरीत कागद पुढं ठेवणारे दत्तोपंत पेशकार, करीममास्तर, हकीमसाहेब आणि मी, तहसिलातला साधा अहलकार, म्हणजे कारकून. गोदाकाठची एक जुनी होडी आम्ही वर्गणी करून घेतली, बैलगाडीवर घालून आमच्या शहराच्या दिल्ली दरवाज्याबाहेरच्या तलावावर आणली. तिच्याबरोबर आला इब्राहीमचाचा. जन्मभर गोदावरीवर उतारू पोचवलेला माणूस. अनवाणी, कमरेला लुंगी, डोक्याला फडकं.

पोहता येत होतं एकट्या करीममास्तरांना. बाकी आम्ही सगळे दगड!

\* \* \*

चाचाचा पहिला कायदा भोपळ्याचा. वाळलेला, पोकळ, आतून खडखडणारा भोपळा प्रत्येकानं कमरेला बांधायचा, मगच नावेत पाय. भोपळे दिले वकिलांच्या बायकोनं, परसातल्या मांडवावरचे, मोजून पाच.

आणि वकीलच अडून बसले! अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, आणि कमरेला भोपळा? "अरे, उद्या कोर्टात हाकिमासमोर उभा राहिलो की मागून कुणीतरी म्हणंल, आला भोपळेवाला वकील! इज्जत काय राहिली?"

मग त्यांनी जी बहस केली म्हणता! तलाव किती खोल, वारा किती, होडी किती मजबूत, एकेक मुद्दा काढला. चाचा वल्हं मांडीवर घेऊन सगळं ऐकत बसला. शेवटी म्हणाला, "वकीलसाब, तुम जीत गये. मगर पानी दलील नहीं सुनता."

होडी हलली नाही. वकिलांनी भोपळा बांधला, पण शेरवानीच्या आतून. आम्हाला हसू आवरंना. त्यांचं पोट त्या दिवशी सावकारासारखं दिसत होतं.

\* \* \*

दुसरा कायदा जोड्यांचा. सगळ्यांनी जोडे काठावर ओळीनं काढून ठेवायचे. परत आलो की चाचा मोठ्यानं मोजायचा, "एक जोडी, दो जोडी..." ज्याचा त्याच्या पायात गेला की माणूस आला. काठावर एकही जोडा उरला नाही, म्हणजे पाण्यात कुणी उरलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं, पण ही हजेरी कधी चुकली नाही.

दत्तोपंतांनी हैदराबादेहून नवे बूट आणले होते. "काठावर ठेवू? चोरीला जातील ना!" म्हणून ते बुटांसकट नावेत चढायला गेले, फळीवरून सटकले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे! बूट गाळात रुतले, पाय उचलेना, माणूस घाबरून तिथंच आडवा व्हायला लागला. चाचानं बुडी मारून सुरीनं बुटांच्या नाड्या कापल्या आणि त्यांना ओढून बाहेर काढलं.

बूट अजून तिथंच असतील. दत्तोपंत मात्र काठावर थरथरत म्हणाले, "काही म्हणा, चोरीला तर नाही गेले!"

\* \* \*

त्यानंतर एकदा वकिलीणबाईंनी चाचाला घरी बोलावून घेतलं. मी तिथं होतो. त्या दाराआडून बोलल्या, "चाचा, हे लई हट्टी आहेत. पाण्याची काही समज नाय त्यांना. माझ्या चार मुली आहेत. शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत मी या दारातनं हलत नाही, एवढंच सांगते."

चाचा खाली बघत म्हणाला, "भाभी, जो जोडे उतारके गये, वहीच जोडे पहनके घर आयेंगे. मेरी जबान है."

वकिलांनी हा शब्द चेष्टेवारी नेला. चाचानं नाही नेला.

\* \* \*

एका शुक्रवारी परत आलो, सगळ्यांनी जोडे घातले, आणि काठावर एक जोडा उरला! गावठी, टाचा झिजलेला. आम्ही एकमेकांना मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. पाचच!

"अरे बाबा, आम्ही सगळे आहोत की," मी म्हणालो. चाचा ऐकंना. "जोडा है तो आदमी है!" म्हणून तो पाण्यात शिरला. बुडी मारायचा, वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा बुडी. ओठ निळे पडले तरी थांबंना. आम्हीही मग पाण्याकडं बघायला लागलो. खरंच कुणी आत असलं तर?

तेवढ्यात पलीकडच्या लिंबाखालून बिडकीनचा एक म्हातारा डोळे चोळत आला आणि ते जोडे घालायला लागला. करीममास्तर ओरडलेच, "इथं कशाला ठेवलेस रे?"

म्हातारा बिचारा घाबरला. "ओळ दिसली मालक. मला वाटलं इथं दर्गा हाय!"

चाचा काठावर बसून हसला, आणि हसता हसता रडला. म्हणाला, "आज एक आदमी जिंदा हो गया." त्याचा धाकटा भाऊ गोदावरीत गेला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

\* \* \*

आता शेवटचा.

पावसाळा सरत आला होता. आम्ही तलावाच्या मधोमध असताना डोंगराकडून वारा सुटला. "बैठे रहो, कोई नक्को उठो!" चाचा ओरडला. आम्ही बसून होतो. पण वकिलांची टोपी उडाली, आणि इज्जतीचा माणूस, टोपी धरायला उभा राहिला!

होडी पालथी झाली.

पाणी नाकातोंडात गेलं. पण भोपळ्यानं प्रत्येकाला वर धरलं, खोटं नाही सांगत. करीममास्तर हकीमसाहेबांना घेऊन निघाले. चाचानं भोपळ्याची दोरी धरून आधी मला ओढत नेलं, मग दत्तोपंतांना, मग परत फिरून वकिलांना. उथळ पाण्यात त्यांना पुढं ढकललं. वरून पाऊस असा, की हातभर पलीकडचं दिसत नव्हतं.

वकील रांगत काठावर आले. बुडवलं आपणच, ही टोचणी असावी. जोडे त्यांनीच मोजले, मोठ्यानं. "एक, दोन, तीन, चार, पाच!" पाचही जोडे पायांत गेले. काठ रिकामा. "सगळे आले रे!" आम्ही गळ्यात गळे घालून रडलो आणि कुडकुडत निघालो.

दिल्ली दरवाज्यापाशी करीममास्तर एकदम थांबले. "वकीलसाहेब, जोडे तुम्ही का मोजले?"

आम्ही मागं वळून बघितलं. चाचा अनवाणी होता. त्याचा जोडा ओळीत कधी नव्हताच.

आम्ही पळत मागं गेलो. वकील सगळ्यांच्या पुढं. चाचा काठापासून दहा हातांवर होता. लव्हाळ्याची मूठ धरलेली, पाणी हनुवटीला लागलेलं, हाक मारायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. ओढून बाहेर काढलं. हकीमसाहेबांनी पाठ चोळली, पाणी ओकवलं. डोळे उघडल्यावर पहिला शब्द, "कित्ते जोडे?"

"पाच," मी म्हणालो.

"फिर ठीक है."

वकील खाली बसले. त्यांनी आपले जोडे काढले आणि चाचाच्या पायात घातले. तो नको नको म्हणत होता. मग त्याला हकीमसाहेबांकडं पोचवलं आणि मी वकिलांबरोबर निघालो. डोक्यावर टोपी नाही, शेरवानीतून बाहेर आलेला भोपळा तसाच कमरेला, आणि वकील गुलमंडीच्या भर बाजारातनं अनवाणी चालले होते. कापडवाले दुकानांतून उठून बघत होते. वकील कुणाकडं बघत नव्हते.

वहिनी दारातच होत्या. नजर आधी पायांवर गेली, आणि त्यांनी चौकट धरली. "जोडे कुठायत?"

"चाचाच्या पायात," वकील म्हणाले. "मी मोजले, तेव्हा तो पाण्यात होता."

"आणि त्याचा भोपळा?"

वकिलांनी मान खाली घातली. "त्याला कुणी दिलाच नव्हता."

वहिनी तशाच पावसात परसात गेल्या, मांडवावरचा मोठ्यात मोठा भोपळा शोधला, त्याच्या देठाला लाल दोरा बांधला आणि मुलींना म्हणाल्या, "हा भाजीला तोडायचा नाही."