रुक्माबाईचा बिब्बा

तलमडुगूजवळच्या त्या खेड्यात कुणाचं काही दुखलं की पावलं रुक्माबाईच्या ओट्याकडं वळत. बिब्ब्याला सुई टोचून तो दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की दुखऱ्या जागी बारीक ठिपके द्यायचे. तिचा बिब्बा कधी कुणाला उतला नाही, कुणाच्या अंगावर फोड आला नाही, आणि हे ती स्वतःच दहादा सांगायची.

तिचा एकुलता एक दौलत विजेच्या खात्यात रोजंदारीवर खांबावर चढायचा. १९९७ साली तो खांबावरून पडला आणि गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, एका जागी फाटली. साहेबानं वर्षभर जागा राखून ठेवली. पाय बरा झाला तरच पुन्हा काम. हैदराबादेत परदेशी शिकून आलेला एक डॉक्टर नवा प्रयोग करत होता. दौलतच्याच गुडघ्यातला कूर्चेचा कण काढायचा, त्यातल्या पेशी महिनाभर वाढवायच्या आणि फाटल्या जागी भरायच्या. दुधाला विरजण लावावं तसंच हे, असं समजून रुक्माबाईनं गल्लीभर सांगितलं, "माह्या पोराचं इरजन लागलं हाय हैद्राबादेत."

कण देऊन दोघं घरी आली. गुडघ्याला काही लावू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण पेशी भरायच्या तारखेला आठ दिवस उरले आणि गुडघा ठणकू लागला. दौलत ओठ चावून पडून राहायचा. गावाचं दुखणं काढणाऱ्या बाईनं पोटच्या पोराकडं नुसतं बघत बसायचं? तिच्यानं राहवलं नाही. दौलतही नको म्हणाला नाही, लहानपणापासून त्याला तोच हात ठाऊक.

कण काढलेल्या, नुकत्याच भरलेल्या जखमेवर बिब्बा उतला. फोड आले, पू झाला.

हैदराबादेत गुडघा पाहून डॉक्टर रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं. पू झालेला गुडघा उघडता येत नव्हता, तयार पेशी थांबणार नव्हत्या आणि प्रयोगात दुसऱ्यांदा कण घ्यायची सोय नव्हती. नर्सनं त्या पेशींची कुपी दाखवली. तळाशी थोडं गढूळ पाणी होतं.

"हे माह्या पोराचंच हाय ना? मंग मले घरी नेऊ द्या."

ते घरी देत नाहीत, टाकून देतात, असं नर्सनं सांगितलं.

वर्ष सरलं, साहेबानं जागा दुसऱ्याला दिली. रुक्माबाईनं उरलेले बिब्बे उकिरड्यावर फेकले आणि ओट्यावर येणाऱ्यांना परत पाठवू लागली.

थंडीतल्या एका दुपारी दौलतनं तिच्यापुढं गुडघा केला.

"माय, लय ठणकून राह्यला. लाव न बिब्बा. आता काय होते?"

तो तिला बोल लावत नव्हता. खरंच मागत होता.