दगडाची दुसरी बाजू

वसंता गेल्याचं मला सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. भोरच्या शाळेकडं निघालो होतो, तर त्यानं गाडी माझ्याजवळ आणून थांबवली. "दादा, वेल्ह्याचं तुमचं दगडवालं मास्तर गेलं वो. पहाटं. ताप उतारलाच न्हाई." इंजिन चालूच होतं, म्हणून मी पुन्हा विचारलं. त्यानंही बिचाऱ्यानं पुन्हा सांगितलं. "तुमच्यासाठी थांबल्यात समदी," तो म्हणाला, आणि मी तसाच गाडीत चढलो. हातात सातवीच्या निबंधांच्या वह्या होत्या, त्या तिकडंपर्यंत मांडीवर राहिल्या.

आई गेल्यापासून त्याला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच्याशिवाय फारसं कोणी नव्हतं, हे मला आता कळतंय.

आमची ओळख पुण्याची. लढाईची वर्षं होती. कॉलेजात पुरातत्त्व आणि मानवशास्त्राचा नवा वर्ग निघाला होता आणि त्यात आम्ही मोजून पाच जण. शहाणी मुलं वकिलीला गेली, उरलेली आमच्याकडं आली, असं वसंता म्हणायचा. आम्ही एका खोलीत राहायचो. तो पुण्यातच वाढलेला, तो पाळण्यात असतानाच वडील गेलेले, आई मामांच्या आश्रयाला. मी गुंजवणीकाठचा, वेल्ह्याच्या अलीकडच्या गावातला. त्याला नांगर आणि कुळव यांतला फरक कळत नसे, पण खापराचा तुकडा हातात दिला की तो किती जुना हे सांगू लागायचा. बरोबर सांगायचा की नाही, ते त्यालाच ठाऊक!

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला घरी घेऊन गेलो. रोज सकाळी भाकरी बांधून घ्यायची आणि नदीच्या वाळूगोट्यांतून हिंडायचं, हा त्याचा कार्यक्रम. आदिमानवाची हत्यारं आपल्या खोऱ्यातही असणारच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी तो उंबराच्या मुळांपाशी वाकला आणि ओरडला. मी धावत गेलो. त्याच्या हातात तळहाताएवढा दगड होता, बदामाच्या घाटाचा, दोन्ही अंगांनी टवके काढून धार आणलेला. पुस्तकातल्या चित्रात असते तशी हातकुऱ्हाड. शेजारी मडक्याच्या खापऱ्या पडल्या होत्या, पांढऱ्या चिंधीचा तुकडा होता. "हे मडकं कालपरवाचं, काही कामाचं नाही," असं म्हणून त्यानं खापऱ्या बाजूला सारल्या.

मला कळलं होतं. आदल्याच दिवशी आमच्या गावातल्या धोंडिबाच्या बापाला तिथं अग्नी दिला होता. आमच्याकडं चितेभोवती फिरताना खांद्यावरचं मडकं ज्या दगडानं फोडतात, तो जीवखडा. दहाव्यापर्यंत त्याच्यातच गेलेल्या माणसाचा जीव असतो, म्हणून तो घरात नेत नाहीत, नदीकाठी जपून ठेवतात आणि दहाव्याला पाण्यात सोडतात. धोंडिबानं वाळूतला हाताला लागेल तो दगड उचलला असणार, आणि तो नेमका हा. वसंता कधी कुणाच्या क्रियेला गेला नव्हता. त्याला काय ठाऊक? पण मला ठाऊक होतं… आणि मी बोललो नाही. तो इतका आनंदला होता की त्याचं तोंड पाहून माझी जीभ उचलेना. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

पुण्याला गेल्यावर त्यानं दगड सरांपुढं ठेवला. सरांनी चष्मा काढला, दगड उजेडात धरला आणि म्हणाले, "खरा आहे. या खोऱ्यातला पहिलाच म्हणायचा." वसंताचा प्रबंध त्या एका दगडावर उभा राहणार होता. त्यानं चित्र काढायला घेतलं. एकेक टवका टाकानं उतरवायला दिवस लागला, आणि एक बाजू पुरी झाली.

त्याच आठवड्यात मानवशास्त्राच्या तासाला आम्ही कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या लोकांचे अंत्यविधी उतरवून घेत होतो. मी खाली मान घालून लिहीत होतो. खिशात वडिलांचं पत्र होतं. धोंडिबाच्या बापाचा जीवखडा गेला, घरात आकांत चालला आहे, म्हातारीनं अन्न सोडलं आहे, परवा दहावा. ते पत्र मी दिवसभर खिशात ठेवलं. संध्याकाळी त्याच्यापुढं टाकलं.

त्यानं ते वाचलं. "तुला तिथंच कळलं होतं?"

"हो."

त्यानं पत्राची घडी घातली आणि ते मला परत दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सरांनी समजावलं, दुसरा कुठलाही दगड नेऊन द्या, त्यांना काय कळणार? वसंता म्हणाला, "मला कळेल ना." दुसऱ्या दिवशी तो एकटाच निघाला. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाला. नसरापूरपासून पुढं पायी गेला आणि दहाव्याच्या सकाळी घाटावर पोचला.

पुढचं धोंडिबाच्या आईनं, भागूआजीनं मला सांगितलं. त्यानं सगळ्यांदेखत दगड पुढं केला आणि चूक कबूल केली. धोंडिबा काठी घेऊन उठला होता. म्हातारीनं त्याला बसवलं. पिंडाचं सगळं झाल्यावर ती वसंताला म्हणाली, "तुमीच सोडा डोहात. तुमाला लई आवडला व्हता न्हवं." आणि त्यानं तो स्वतःच्या हातानं सोडला.

प्रबंध कसाबसा झाला. शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली. मी भोरला मास्तर झालो, आणि तो मुद्दाम वेल्ह्याची शाळा मागून घेऊन आमच्या गावाजवळ राहायला आला. दर रविवारी त्या डोहाच्या उताराला गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. दगड उचलायचा, उलटसुलट पाहायचा, ठेवून द्यायचा. एकदा मी विचारलं, "सापडला तर काय करशील?" तो म्हणाला, "दुसरी बाजू बघेन, आणि परत सोडेन." आमच्यात त्या पत्राचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. माझी माफी मागायची राहूनच गेली. पुढच्या खेपेला मागू, असं सहा-सात वर्षं म्हणत आलो…

त्याचं मडकं मी खांद्यावर घेतलं, आणि धोंडिबानं वाळूतला दगड उचलून ते फोडलं. साधा गोटा होता, कसलीही धार नसलेला. दहाव्याला मी तो दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि त्याच डोहात सोडला. सोडताना माफी मागितली. मोठ्यानं मागितली, लोक बघत होते.

त्याची वही आता माझ्या टेबलावर आहे. त्या पानावर एका अंगाला टवक्यांसकट पुरा दगड आहे, आणि शेजारी दुसऱ्या बाजूची नुसती बाह्यरेषा, आत कोरा कागद.

गेल्या रविवारी मी नदीवर गेलो. धोतर वर खोचून पाण्यात उतरलो. दगड उचलला, पाहिला, ठेवला. भागूआजी धुणं घेऊन काठावर आली होती. डोळ्यांनी तिला आता धड दिसत नाही. वसंताला ती दर रविवारी विचारायची, तसंच तिनं विचारलं, "गावला का वो, मास्तर?"

"न्हाई, आजी," मी म्हणालो. "अजून न्हाई."