सातबाऱ्यावर खोली नसते

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या भिवापूरकडच्या गावात अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असं मानतात. मला नागपुरात नळ कधी येणार तेही कळत नाही.

बाबा गेल्यावर आमचं वावर आई एकटीच करायची. शेजारचं वावर काकाचं, बाबांच्या धाकट्या भावाचं. त्याने आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेटून बोअर मारली आणि त्याच वर्षी आमची विहीर आटली. आईची मिरची उभ्या उभ्या वाळली. ती विचारायला गेली तर म्हणाला, "वयनी, धुरा वरून हाय. खाली ज्याची मोटर त्याचं पानी."

मी तलाठ्याला विचारलं, आपली हद्द खाली किती खोल जाते? तो हसला. "मॅडम, सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, खोली नसते. उमरेडसारखा कोळसा लागला तर सरकार येईल. पाणी लागलं तर जो ओढेल त्याचं."

मी डूख धरला. चार वर्षांनी काकाची बोअर आटली आणि आमच्या विहिरीला पुन्हा पाणी आलं. देव आहे याची मला खात्री पटली. मग एका रविवारी काका नागपुरात जरीपटक्याला माझ्या दारात उभा, हातात नारळ.

"बाई, तू पायाळू हायेस. मले जागा दाखव."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव व्हायला मी एका पायावर तयार होते.

गावी काकूने माझे पाय धुतले, कुंकू लावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून मी अनवाणी काकाच्या वावरभर फिरले. पाण्याच्या जागी तो आपोआप उभा राहतो म्हणे. काकाला मुद्दाम उन्हात मागे मागे हिंडवलं. जागा मी घरूनच ठरवून आले होते, त्याच्या उभ्या मिरचीच्या ऐन मध्यावर. तिथे पोचल्यावर अंगठ्याने नारळ उभा केला.

"बाई, मिरची लाल होऊन राहिली. तोडा झाल्यावर मारली तर चालन का?"

"मग पाण्याचं मी सांगू शकत नाही, काका."

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आत शिरली. ओळीच्या ओळी चाकांखाली गेल्या. हे बघायला मी रजा काढून थांबले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. दोन तास नुसता पांढरा फुफाटा उडत होता. काका डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, अजून खोल जाऊ द्या.

मग चिखल आला. मग धो धो पाणी. सगळ्या गावासमोर काका माझ्या पाया पडला.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला.

"विहीर पुन्हा आटली, बाई. बादली गाळाले टेकून राहिली." मग म्हणाली, "सारं गाव म्हनते, तुह्या पायात गुन हाय. शनवारी ये. आपल्या वावरातबी चाल ना वं."

येते म्हणाले, आणि हाताच्या अंगठ्याकडे बघत बसले.