नव्या जाळ्यातला पहिला राकस

राकसांच्या लढाईत भैयालालचं नाव कुठे आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. एकोडीकडच्या तलावात राकस, म्हणजे पाण्यातले राक्षस, शिरले तेव्हा फौजेला भालेवाले पुष्कळ मिळाले, पण पाण्यात उतरून जाळं ओढणारे मिळेनात. मग पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या बारा ढिवरांना शिपाई केलं आणि प्रत्येकाला तारेचं एकेक कोरं जाळं दिलं. भैयालाल त्यातला बारावा. पेपरात फोटो छापून आला, त्यात त्याचं कोपर तेवढं दिसतं. शकुननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते कोपर अख्ख्या मोहल्ल्याला दाखवलं.

काम सरळ होतं. राकस जाळ्यात धरायचा, तलावाच्या पारीवर, बांधावर, ओढायचा, पुढचं भालेवाले बघतील. महिन्याभरात सत्तेचाळीस राकस पडले. आज सकाळी जमादार मारोतरावांनी तलाव साफ झाल्याचं जाहीर केलं. खालच्या शेताच्या बांध्यांतला धान निसवायला आला होता, पाण्यावाचून लोंब्या पोचट राहिल्या असत्या. तलावाचं तळातलं दार उघडायला कुणीतरी बुडी मारायलाच हवी होती. पहिलं नाव पुकारलं ते वस्तीत सगळ्यांत लांब बुडी मारणाऱ्या भैयालालच्या पोरीचं, प्रेरणाचं.

तलाव साफ नव्हता, हे भैयालालला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी, धुक्यात, त्याच्या जाळ्यात वासराएवढा राकस सापडला होता. आणि वस्तीची जुनी रीत अशी, की नव्या जाळ्यात आलेला पहिला जीव पाण्याला परत द्यायचा, नाहीतर जाळं पुढे रितंच निघतं. डोक्यात उजेड पडायच्या आत हातांनी गाठ सैल केली. राकस गेला. इतका कसा मूर्ख, असं तुम्ही म्हणाल. तीस वर्षं एकच काम करून बघा, मग बोला! तेव्हापासून त्याला घास गोड लागला नव्हता. सांगावं तर फितूर म्हणून हाकलतील, शकुनला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि वासराएवढा होता तो, एवढ्या दिवसांत केवढा झाला असेल?

प्रेरणानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक पारीवरच्या खुंटाला अडकवलं. "बाबा, असे काहून पाहून राहिले? दहा मिनिटांचं तं काम आहे."

"हो, जा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला शिसारी आली.

ती गुडघाभर पाण्यात गेली. मग कमरेएवढ्या. आता मात्र त्याला राहवेना.

"थांब पोरी! बाहेर ये!" ओरडतच तो मारोतरावांपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, तलावात एक राकस आहे जी. मीच सोडलो. नव्या जाळ्यातला पहिला होता. हात काही ऐकले नाही."

मारोतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. भैयालाल मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिला.

आवाज आला तो मागून, बाकीचे अकरा ढिवर रांगेत उभे होते तिथून, पहिल्या लिलाधरचा. "साहेब, मीबी एक सोडलो जी."

मग त्याच्या शेजारच्यानं हात वर केला. मग त्याच्या पलीकडच्यानं. "काय झालं बाबा?" प्रेरणा पाण्यातूनच विचारत होती. भैयालालनं रांगेतल्या शेवटच्या हाताची वाट पाहिली नाही. त्यानं खुंटावरचा दोर धरला आणि जीव खाऊन पोरीला ओढू लागला.