आपला बॉल, त्यांचा बॉल

माझ्या नणंदेला सगळे शिडी म्हणतात. मीसुद्धा. मी लग्न होऊन आले तेव्हा माळ्यावरचे डबे काढून द्यायला घरात तीच होती, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. बारा वर्षं ती एकाच क्लबकडून बास्केटबॉल खेळली, पोटापाण्याचा धंदाच तो. मग गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी हात टेकले.

त्यानंतरचं वर्ष कसं काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक. बाईसाहेब सोफ्यावर, पाय उशीवर, आणि टीव्हीतल्या रेफरीचा उद्धार चालू. शेवटी रेडिओवरून बोलावणं आलं. क्लबच्या तीन सामन्यांचं समालोचन करून दाखवायचं, जमलं तर नोकरी.

पहिल्याच सामन्यात तिने माती खाल्ली. "आपला बॉल! आपल्याला दोन गुण!" समोरच्या संघाच्या चाहत्यांनी फोन करकरून निर्मात्याचं डोकं उठवलं. दुसऱ्या सामन्यात तिने जीभ आवरली, तरी पाचदा घसरलीच. निर्मात्याने स्पष्ट सांगितलं, तिसऱ्या वेळी एकदा जरी 'आपला' ऐकू आला तर घरी बसा.

आता घरी बसली म्हणजे आमच्याच डोक्यावर बसणार. मी कंबर कसली. घरात तो शब्द बंद. 'आपला चहा झाला का' असं तिने विचारलं की मी ताटलीवर पळी आपटायची. चार दिवसांत तिला इतकं वळण लागलं की भावाला विचारते, "तुमच्या आईला गोळी दिली का?" सासूबाई दोन दिवस रुसल्या. पोटची पोर परकी झाली म्हणे.

तिसरा सामना दुपारी होता. मी स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून उभी. क्लब एका गुणाने पुढे, शेवटचे आठ सेकंद, आणि पाहुण्यांच्या मुलीने बॉल फेकला. रेडिओ गप्प. मला वाटलं, संपलं सगळं.

मग तिचा आवाज आला, अगदी सरळ. "बॉल आत. पाहुण्यांना दोन गुण. वेळ संपली. यजमान एका गुणाने हरले." माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ती घरी आली. सोमवारपासून कायमची कामावर ये, असं निर्मात्याने सांगितलं होतं. मला रडूच फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. तरी धाकधूक होतीच, कारण क्लब हरला की त्या दिवशी ही पोरगी अन्नाला शिवायची नाही, बारा वर्षांत एकदाही नाही. फार लागलं का गं, म्हणून मी भीत भीत विचारलं. तिने खुर्चीत लांबलचक पाय पसरले.

"वहिनी, ते हरले," ती म्हणाली, "आणि मला भूक लागलीये. वाढ."