न मिटणारी केस

वकिलाच्या चेंबरमध्ये टायपिस्ट असलं की किस्से आपोआप साठतात. कुणी आपल्याकडे बघत नाही आणि सगळं ऐकू येतं! मी सहावीत शाळा सोडलेला, चारचौघांत लाजणारा. पण आमच्या वकीलसाहेबांनी, नानासाहेबांनी, गोविंदरावांची केस हायकोर्टातून रद्द करून आणली, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोविंदराव बँकेतले, बदलीवर कलकत्त्याला आलेले. बालीगंजात त्यांच्या मोटारीखाली एक सायकलवाला तरुण गेला. हयगयीचा गुन्हा. तुरुंग समोर.

"त्याच्या वडिलांशी मिटवून टाकतो," ते म्हणाले.

नानासाहेब उसळले. "अहो, हे काय भाडेकरूचं भांडण आहे? माणूस गेला की फिर्यादी सरकार! तुम्ही मिटवाल, पण रद्द करायची ती हायकोर्टानं. तेही त्यांच्या मनात आलं तर!"

\*

आमचे बंगाली कारकून हरेनबाबू. ते गोविंदरावांना म्हणाले, "त्या मुलाच्या वडिलांकडे, भट्टाचार्यांकडे जाताना फळं आणि संदेश मिठाई न्या."

"सुतकात मिठाई? आमच्यात दारातून हाकलतील!"

"इथे रिकाम्या हातानं गेलात तर हाकलतील!"

गोविंदराव गेले. म्हाताऱ्या भट्टाचार्यांनी टोपली घेतली आणि दार लावून घेतलं!

\*

पुढे एक दिवस म्हातारे स्वतःच नातीला घेऊन चेंबरमध्ये आले. भरपाईचा विषय निघताच म्हणाले, "टाका चाई ना." पैसे नकोत. मग म्हणाले, "ओर शिक्खा चाई!"

शिक्षा! गोविंदराव पांढरेफटक पडले.

नानासाहेब जन्मापासून कलकत्त्यातले. म्हाताऱ्यांचं पुढचं बंगाली बोलणं ऐकून घेऊन ते हळूच म्हणाले, "गोविंदराव, बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आणि 'ओर' म्हणजे तुमचं नाही, हिचं. बाप हिला सायकलवरून शाळेत सोडायचा. ह्यांना नीट दिसत नाही, ट्रामचा रस्ता ओलांडवत नाही. शाळा बंद आहे."

"मी सोडीन," गोविंदराव म्हणाले. "चालत."

\*

बंगालीत काकाला 'काकू' म्हणतात. पोरगी तशीच हाक मारायची. चेंबरमधले मराठी अशील चिडवायचे, "काय गोविंदकाकू!"

गोविंदराव हसत नसत. शांतपणे "ओ" देत!

\*

शेवटी भट्टाचार्य केस मिटवायला राजी झाले. हायकोर्टात जज्जसाहेबांनी त्यांना विचारलं, "तुमच्यावर दबाव आहे?"

"नाही हुजूर."

"म्हणजे ह्याला माफ केलंत?"

"नाही."

नानासाहेबांनी डोळे मिटले. गोविंदरावांनी कठडा धरला.

म्हातारे म्हणाले, "सकाळी पोरगी दारात ह्याची वाट बघत उभी असते. तुझा बाप आता येणार नाही, हे एकदा तिला मी सांगितलं. आता ह्याला आत टाकायचं असेल हुजूर, तर तिला तुम्ही येऊन सांगा."