एका टी-पायी अडतीस चुका

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. पीएचडीसाठी लोखंडी सळईतून उष्णता कशी पसरते याचं गणित मांडलं होतं. हातानं सोडवायला जन्म गेला असता, म्हणून विभागप्रमुखांनी मला शहरातल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये पाठवलं. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक मी चार दिवसांत वाचून काढलं आणि ती भाषा मला चार दिवसांत आली, असा माझा समज झाला.

तिथली पद्धत अशी : चौकटीच्या कागदावर प्रोग्राम लिहून द्यायचा, पंचिंगवाल्या बाई ओळीओळीला एक कार्ड भोकं पाडून छापणार, गठ्ठा मशीनमध्ये जाणार, आणि दोन दिवसांनी छापील कागद हाती येणार. या बाई उमरेडहून रोज एसटीनं यायच्या. माझा पहिलाच कागद बघून त्या थबकल्या.

"सर, हे स्पेलिंग असंच हाय का?"

मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही अक्षरं पाहून छापा. अर्थाचं मी बघतो."

"बरं सर," त्या म्हणाल्या आणि छापू लागल्या.

दोन दिवसांनी कागद आला. अडतीस चुका! जिथे जिथे तापमानाचं सूत्र होतं, त्या प्रत्येक ओळीखाली मशीननं चूक दाखवली होती. मी एकेक ओळ घेऊन बसलो. कुठे कंस वाढवले, कुठे काढले, एक लांब सूत्र तोडून तीन ओळींत लिहिलं. पुन्हा दिलं. या वेळी एक्केचाळीस. पुन्हा आठवडाभर डोकं घातलं. तेव्हा परत अडतीस झाल्या, तर मला प्रगती झाल्यासारखं वाटलं.

स्टाफरूममध्ये मी जाहीर केलं, की या मशीनला गणित कळत नाही. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून बघितलं. "मशीनला कळत नसेल, पण तुमच्या आधी चार जणांची कामं त्यानंच केली."

म्हणजे मशीन नाही, तर पंचिंग चुकत असणार. मी तडक सेंटरमध्ये गेलो आणि तिथल्या इन्चार्जसमोरच बाईंना म्हणालो, "तुमच्या छापण्यात गडबड आहे. माझे तीन आठवडे वाया गेले."

बाई उठल्या, कपाटातून माझे कागद नि कार्डं काढली आणि एकेक जोडी टेबलावर मांडू लागल्या. अक्षरन् अक्षर जुळत होतं. दुसऱ्याच कार्डावर त्यांनी बोट ठेवलं.

"सर, राग नका मानू. मी दिवसभर साऱ्याइची कार्डं छापून राहिली. त्याइच्या डायमेन्शनमंधी एस असते. तुमच्याच्यात टी हाय."

"टीच असतो," मी म्हणालो. अजूनही! वर इन्चार्जकडून पुस्तक मागवलं. पुस्तकात एस होता.

डायमेन्शन म्हणजे कोणत्या नावाखाली आकड्यांची किती लांब रांग ठेवायची, हे मशीनला आधी सांगणारी ओळ. तीच त्याला वाचता आली नव्हती, म्हणून पुढे तापमानाची ती रांग जिथे आली तिथे ते अडलं होतं. इन्चार्ज खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"मग तुम्ही आधीच काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. रागात माझी प्राध्यापकी मराठी नेहमीच गळून पडायची.

"सांगतच होती नं मी, सर."

बाईंनी मिनिटभरात नवं कार्ड छापलं. बाकीची सूत्रं मी मुकाट्यानं पहिल्यासारखी केली. दोन दिवसांनी कागद आला, त्यावर एकही चूक नव्हती. माफी मागायला म्हणून मी गेलो खरा, पण ऐनवेळी तोंडातून निघालं, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

पुढचा प्रोग्राम देताना मात्र मी सांगितलं, काही वावगं दिसलं तर पेन्सिलीनं खूण करा. कागद सात खुणा घेऊन परत आला. पाच ठिकाणी माझीच चूक होती, दोन ठिकाणी मी बरोबर होतो. ती दोन ठिकाणं मी बाईंना इतकी सविस्तर समजावून सांगितली, की त्यांची उमरेडची बस चुकली.